मावशी चावते हो!

सोमवारच्या मीटिंगमध्ये फाइल पुढे सरकवायला हात लांब केला, तर शेजारची हळूच कानाशी आली. 'घरी सगळं ठीक आहे ना गं?' तिची नजर माझ्या मनगटावर होती. नऊ ओरखडे आणि दातांच्या चार खुणा, सकाळी मीच मोजल्या होत्या. म्हटलं, 'अगं, नवरा नाही, पोरगी!' पोरगी म्हणजे चिंगी. वजन तेव्हा जेमतेम एक किलो.

जुलैच्या धो धो पावसात ती आम्हाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली. एका स्कूटरखाली, चिंब भिजलेली, ओरडून ओरडून घसा बसलेला. रात्रभर आईची वाट पाहिली, ती काही आली नाही. डॉक्टरांच्या अंदाजाने पाचेक आठवड्यांची होती. पहिले काही दिवस नुसते लाड चालले होते. आणि तिथेच आम्ही माती खाल्ली.

नवरा ऑफिसातून आला की सोफ्यावर आडवा व्हायचा, तिला पोटावर घ्यायचा आणि पाच बोटं कोळ्यासारखी नाचवायचा. ती झडप घालणार, दोन पंजांनी मनगट पकडणार, मागच्या पायांनी लाथा झाडणार आणि चावणार! तेवढुसे ते दात. आम्ही हसायचो, व्हिडिओ काढून मित्रांना पाठवायचो. महिनाभरात हसू पळालं. चादरीखाली पाय हलला की हल्ला, मी पोळ्या लाटत असताना पोटरीवर हल्ला, पहाटे साडेपाचला पायाच्या अंगठ्यावर हल्ला. वाघाची मावशी म्हणतात ते काही उगाच नाही.

मग एका रविवारी तिने नवऱ्याच्या तळहातात दात पार आत रोवला. मांजराचा दात बारीक पण खोल जातो, जखम वरून मिटते आणि आत जंतू राहतात. रात्रीपर्यंत हात टम्म! त्यात चिंगी रस्त्यावरची आणि अडीच महिन्यांची. मांजरांना रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात, म्हणजे तिला ती मिळालेलीच नव्हती. डॉक्टरांनी रिस्क घेतली नाही. जखमेभोवती सीरम टोचलं, अँटिबायोटिक दिलं आणि लस सुरू केली. पहिला डोस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. (तुम्हाला कधी चावली तर हळद-चुना काही लावू नका. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून 15 मिनिटं, आणि त्याच दिवशी डॉक्टर. सरकारी हॉस्पिटलमध्ये ही लस फुकट मिळते.)

त्या रात्री नवरा म्हणाला, 'हिला कुणाला तरी देऊन टाकू या.' अगदी शांतपणे म्हणाला. तो एरवी शांतपणे बोलतच नाही, त्यामुळे मी जाम घाबरले. 'शेवटच्या इंजेक्शनपर्यंत थांब,' एवढंच मागितलं.

दुसऱ्या दिवशी चिंगीला घेऊन तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'हिच्याशी कशाने खेळता?' नवऱ्याने बँडेजवाला हात वर केला. 'तेच ना!' बाई म्हणाल्या.

पिल्लं चावायचं कसं आणि किती, हे भावंडांशी मस्ती करताना शिकतात. जोरात चावलं की समोरचं किंचाळतं, खेळ सोडून निघून जातं. आई एक पंजा ठेवून देते. म्हणून पिल्लू निदान आठ आठवडे, जमलं तर बारा, आईजवळ असावं. चिंगीची शाळा पाचव्या आठवड्यातच सुटली. पुढचे वर्ग आम्ही घेतले आणि विषय एकच ठेवला, माणसाचा हात.

खरी गोची तर वेगळीच होती. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला रंगात येतात. आम्ही सकाळी नऊला कुलूप लावणार, रात्री आठला उघडणार. दिवसभर ती ताणून देणार. आम्ही दमून सोफ्यावर पडतो, तेव्हा तिचा दिवस सुरू होतो. ती रागावलेली नव्हती हो, तिला शिकार हवी होती आणि घरात हलणारी वस्तू आम्ही दोघंच!

तेव्हापासून हात पूर्ण बंद. काठीला दोरी आणि दोरीला पिसं. सकाळी दहा मिनिटं, रात्री आल्यावर पंधरा, शेवटी पिसं तिच्या पंजात येऊ द्यायची आणि लगेच जेवण. पळा, पकडा, खा, झोपा. पहाटेचे हल्ले आठवड्यात निम्म्यावर आले. (दोरी खेळून झाली की कपाटात. पोटात गेली तर थेट ऑपरेशन.) लाथा झाडायला जुन्या मोज्यात कापड कोंबून एक बोळा केला.

तरीही चावलीच, तर हात खेचायचा नाही. पळणारा हात म्हणजे पळणारा उंदीर! हात लुळा सोडायचा, तिने सोडलं की मुकाट्याने उठून एक मिनिट दुसऱ्या खोलीत. सगळ्यात कठीण हेच, कारण आपला पहिला आवाज 'आई गं!' असाच असतो. सासूबाई फोनवरून म्हणाल्या, 'नाकावर टिचकी मार.' मारली. तिने डबल जोरात घेतला. पाण्याचा फवाराही नको, ती चावणं नाही सोडत, तुम्हाला घाबरायला लागते.

कुरवाळतानाही तिच्याकडे बघायचं. शेपटीचं टोक फटकारू लागलं, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली, की पुरे. आणि पोट दाखवलं म्हणजे खाजवायचं आमंत्रण नव्हे! नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही.

बाईंनी दुसरं पिल्लू आणायचंही सुचवलं. वन बीएचके, त्यात घरमालक, म्हणून आम्ही तो विषय तिथेच सोडला. साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे 26 दात पडून पक्के 30 येतात, तेव्हा चावचाव पुन्हा थोडी वाढेल, हेही त्यांनी सांगून ठेवलं. आणि एरवी गुणी असलेलं मोठं मांजर अचानक चावायला लागलं, तर त्याला कुठेतरी दुखतंय समजून आधी तपासून घ्या म्हणाल्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी नवरा शेवटचं इंजेक्शन घेऊन आला आणि सवयीने हात सोफ्यावरून खाली सोडला. मी श्वास रोखून बघत होते. चिंगीने बोटं हुंगली, एक तोंडात धरलं आणि सोडलं. मग आतून बोळा ओढत आणून त्याच्या पायाशी टाकला. देऊन टाकण्याबद्दल तो काहीच बोलला नाही. बोळ्याकडे नीट बघून म्हणाला, 'हा माझा इंटरव्ह्यूचा मोजा आहे ना?'