डोक्याचा हिशेब

परवा जेवण झाल्यावर मी सवयीप्रमाणे खुर्चीत धपकन बसलो. "अहो, हळू! खुर्ची मोडेल," सौभाग्यवती आतून म्हणाल्या. त्यांना काळजी खुर्चीची. मला मात्र नुकतेच वाचलेले आठवले. १९९४ साली 'स्पाइन' या वैद्यकीय नियतकालिकात रोजच्या हालचालींत डोक्याला बसणाऱ्या हिसक्यांची मोजमापे प्रसिद्ध झाली होती. शिंकताना गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ तिप्पट, पायरीवरून उडी मारताना आठपट आणि खुर्चीत धपकन बसताना तब्बल दहापट!

साडेचार-पाच किलोचे हे डोके दिवसभर एवढे सोसते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कारण गुडघे, मणके, मानेचे स्नायू तो धक्का वाटून घेतात. बँकेत उभी हयात कर्जवसुली पाहिली. हप्त्याहप्त्याने मोठे कर्जही फिटते. एकरकमी मागणी आली की घर बसते. डोक्याचेही तसेच आहे.

ही एकरकमी मागणी रस्त्यावर येते. "गावात कुठे एवढा वेग असतो?" असे म्हणून हेल्मेटला नाक मुरडणाऱ्यांत मीही होतो. आता हिशेब पाहा. दीड मीटरवरून डोके सरळ खाली आले, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर होतो; मग स्कूटर सिग्नलला उभी का असेना! ते अर्ध्या सेंटिमीटरात थांबले, तर सरासरी हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट. हेल्मेटच्या आतल्या थर्मोकोलने चेपत चेपत अडीच सेंटिमीटर मिळवून दिले, तर तोच ६० पट. हेल्मेट दुसरे काही करीत नाही, फक्त हप्ते पाडून देते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगितले आहे. तरी आपल्याकडे चालवणाऱ्या पुरुषाच्या डोक्यावर ते असते, कारण दंडाची पावती त्याच्या नावाने फाटेल ही धास्ती. मागच्या बाईच्या डोक्यावर मात्र नुसता पदर. माझ्या घरीही वर्षानुवर्षे हेच चालले होते, याची आज लाज वाटते. गेल्या आठवड्यात दुसरे हेल्मेट आणले. "यात अंबाडा कसा मावायचा?" असे सौभाग्यवतींनी विचारले खरे, पण दुसऱ्या दिवशी वेणी घालून त्या स्कूटरपाशी उभ्या होत्या.

आज रविवार आहे. तुमच्या दुचाकीवर बसणारी डोकी किती आणि घरात हेल्मेटे किती, एवढे जरा मोजून पाहा.