वकील परवडत नाही, म्हणून कबुली?

संपादक महोदय,

किरकोळ गुन्ह्यात वकील परवडत नसेल तर गुन्हा कबूल करून दंड भरावा, हा आपल्या लेखातला सल्ला गरिबांवर अन्याय करणारा आहे. कबुली म्हणजे दोषसिद्धी.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक मर्यादा 3 लाख रुपये. पुणेकरांनी शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

लोकअदालतीत हमखास सवलत मिळते, हे लेखातले विधानही चूक. तिथे न्यायालयीन शुल्क नाही, पण निवाड्यावर अपीलही नाही.

तारीख मात्र चुकवू नये. वॉरंट निघाले, तर रोजंदारीवाल्याची आणखी मजुरी बुडते.

एक वाचक, पुणे