सेवा शिकावी लागते

दिवाळी आली की घरोघरचे माळे रिकामे होतात. आखूड झालेले फ्रॉक, विटलेल्या साड्या, कान तुटलेली कढई असे सारे गाठोड्यात बांधून 'द्या एखाद्या संस्थेला' म्हणून धाडले जाते. वर चार पैसे ठेवणारेही पुष्कळ असतात. या दानतीला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु ते गाठोडे ज्या दाराशी जाऊन पडते, त्या दाराआड काम करणाऱ्या माणसांचा विचार आपण क्वचितच करतो.

शिंपी होण्यासाठी उमेदवारी करावी लागते आणि कंपाउंडरला औषधांची नावे पाठ करावी लागतात. गरिबीशी झुंज घेणाऱ्याला मात्र कळकळ पुरते, अशी आपली भाबडी समजूत आहे. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात भरली आणि त्यांतली पाचांतली दोन माणसे झोपडपट्टीत राहणारी निघाली. एवढा मोठा प्रश्न नुसत्या कळकळीने कसा सुटेल?

ही जाणीव नवी नाही. ना. म. जोशी यांनी 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, तेव्हाच सेवेला शिस्त लावण्याचा प्रयत्न सुरू झाला होता. पुढे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ नागपाड्यात वस्ती-केंद्र चालवीत होते. दाटीवाटीच्या मोहल्ल्यात काम करताना शिकलेल्या कार्यकर्त्यांची उणीव त्यांना पदोपदी जाणवली. त्यांच्याच पुढाकाराने, टाटांच्या विश्वस्त निधीतून, 1936 साली समाजकार्य शिकविणारी शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था.

परंतु पदवी घेतलेली माणसे किती आणि वस्त्या किती! गल्लीतल्या महिला मंडळाची चिटणीस, बालवाडीची ताई, तरुण मंडळाचा खजिनदार यांना कोणी शिकवायचे? खरे काम तर त्यांच्याच हातून व्हायचे असते.

या प्रश्नाचे एक उत्तर भायखळ्याच्या फुटपाथवर सापडले. 1985 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथवासीयांच्या खटल्याचा निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केले. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. झोपड्या उठणार हे दिसू लागले. त्या वर्षी 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवरच्या लोकांना बरोबर घेऊन सुमारे 6,000 कुटुंबांची मोजदाद केली. कोण कोठून आले, काय काम करतात, किती कमावतात, हे सारे कागदावर आले. 'उपरे आणि रिकामटेकडे' म्हणून ज्यांना हिणवले जाई, ती राबून पोट भरणारी माणसे आहेत, हे आकड्यांनी दाखवून दिले.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. फुटपाथवरच्याच बायकांनी 'महिला मिलन' उभे केले. रोजची रुपया-दोन रुपयांची बचत त्या गोळा करू लागल्या आणि हिशेब ठेवू लागल्या. आपले घर कसे असावे याचा नमुना करताना त्यांनी साडीच्या लांबीने मापे घेतली. शिकविणारा आणि शिकणारा यांतला भेद तेथे मिटला. एका वस्तीतल्या बाया दुसऱ्या वस्तीत जाऊन गणना कशी करायची ते शिकवू लागल्या. पुस्तकी व्याख्यानापेक्षा ही शिकवणी पक्की ठरली, कारण सांगणारीने ते स्वतः भोगलेले होते.

कोणी म्हणेल, मोजदाद नि कागदपत्रे यांत एवढे काय आहे? आहे, आणि ते घराएवढे मोठे आहे. महाराष्ट्रात झोपडपट्टी पुनर्वसनाच्या मोफत घरासाठी 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. मतदारयादीत नाव एक, रेशनकार्डावर दुसरे, वीजबिल तिसऱ्याच्याच नावे, असे झाले की कुटुंब अपात्र ठरू शकते. अर्ज भरून देणारा कार्यकर्ता जाणता असेल तर ही विसंगती वेळीच हेरून दुरुस्त करवून घेतो. नवखा असेल तर कळकळीने भरलेला अर्ज कळकळीनेच नामंजूर होतो. त्याच्या अज्ञानाची किंमत तो स्वतः देत नाही, तर ती विधवा बाई देते, जिच्या डोक्यावरचे छप्पर जाते.

दुसरी शिकवण ऐकण्याची. पुण्यात एस. एन. डी. टी. विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेल्या. मुले कामातून मोकळी होईनात. तेव्हा हट्ट न धरता त्या मुलांच्या आयांबरोबर फिरल्या आणि मुळातच वेगळा केलेला स्वच्छ कचरा मिळाला तर कमाई वाढते नि कष्ट कमी होतात, हे त्यांनी पाहिले. त्यातून 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे 2008 मध्ये याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार पुणे महानगरपालिकेशी केला. पाटी-पेन्सिल घेऊन गेलेली मंडळी पाटी-पेन्सिलीवरच अडून बसली असती, तर हे घडले नसते.

तिसरी शिकवण हिशेबाची. सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा 1950 चा कायदा आपल्याकडे आहे. त्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी तपासलेले हिशेब द्यावे लागतात. चांगली संस्था पुष्कळदा लबाडीने नव्हे, तर गबाळेपणाने बुडते. पावत्या पिशवीत, रोकड डब्यात, ठराव अध्यक्षांच्या डोक्यात! मग देणगीदार बिचकतो आणि बालवाडी बंद पडते.

असे असूनही शिक्षणासाठी पैसा कोणी देत नाही. कपाट दिले तर त्यावर नाव रंगविता येते. कार्यकर्तीला हिशेब शिकविला तर नाव कोठे रंगविणार? 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. पण तेथेही किती वह्या वाटल्या, किती शौचालये बांधली, असा मोजता येणारा हिशेबच दात्यांना आवडतो. माणूस तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, एवढा धीर कोणाला?

येथे आपल्यासारख्या कुटुंबांना काही करता येण्याजोगे आहे. देणगी देताना 'मुलांना काय वाटणार?' याबरोबर 'तुमच्या कार्यकर्त्यांना यंदा काय शिकविणार?' हेही विचारावे आणि त्या खर्चासाठी म्हणूनच काही रक्कम द्यावी. घरात बँकेतून, कचेरीतून, न्यायालयातून निवृत्त झालेले कोणी असतील, तर त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ जवळच्या वस्तीतल्या मंडळाला द्यावी. खतावणी कशी लिहावी, अर्जाची पोच कशी घ्यावी, माहितीच्या अधिकारात प्रश्न कसा विचारावा, हे त्यांच्या हातचे मळ आहेत. एकच पथ्य पाळावे. तेथे साहेब म्हणून जाऊ नये. वही त्या मंडळातल्या मुलीच्याच हाती राहू द्यावी. ती चुकली तर खोडून पुन्हा लिहू द्यावे. सहा महिन्यांनी आपली गरज उरली नाही, तर आपले काम फत्ते झाले असे समजावे.

यंदाचे गाठोडे बांधा, जरूर बांधा. मात्र ते घेऊन जाल तेव्हा दारातूनच परत फिरू नका. आत जा, बसा, आणि 'तुम्हाला काय शिकायचे आहे?' एवढे विचारा.