मींड टचपॅडवर घ्या

वांद्र्यात हिल रोडवर १९५४ साली मेहबूब स्टुडिओ उभा राहिला, त्या काळी गाणं करायचं म्हणजे वादकांचा ताफा आणि मोठी जागा आलीच. आज त्याच हिल रोडच्या आसपास भाड्याच्या खोलीत बसून मुलं लॅपटॉपवर अख्खं गाणं बांधतात. पहिली खरेदी बहुतेकदा ठरलेली असते, छोटा मिडी कीबोर्ड. ज्यांचा ओढा रागसंगीताकडे आहे त्यांनी ती जरा लांबवावी आणि आधी समोरचा टचपॅड वाजवून पाहावा.

कीबोर्डचं दुखणं हार्मोनियमचंच आहे. दोन पट्ट्यांच्या मधला सूर त्यावर सापडत नाही, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही निघत नाही. याच कारणाने १९४० साली नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली.

ही अडचण पट्ट्यांची आहे, मिडीची नाही. मिडी म्हणजे आवाज नव्हे. कुठला सूर, किती जोरात, किती वळवलेला, याचे आकडे तारेतून जातात. जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर असे पहिल्यांदा जाहीरपणे जोडले गेले. मिडीतल्या बहुतेक बटणांना ० ते १२७ एवढेच आकडे मिळतात. सूर वळवणाऱ्या पिच बेंडला मात्र तब्बल १६,३८४ पायऱ्या आहेत. मींडेला जागा आहे ती इथे.

टचपॅडवर बोटाची नेमकी जागा वाचणारं छोटं सॉफ्टवेअर लागतं. मॅकमधला आयएसी ड्रायव्हर ते आकडे संगीताच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचवतो. आडवी हालचाल पिच बेंडला जोडा, उभी आवाजाच्या पातळीला. पिच बेंडची मर्यादा सहसा वर-खाली दोन-दोन अर्धस्वरांची असते. दहा सेंटिमीटर रुंद टचपॅडवर मग एका अर्धस्वराला अडीच सेंटिमीटर मिळतात. कोमल गंधार किंचित उतरवून त्यावर आंदोलन घ्यायला एवढी जागा पुरते. मर्यादा वर-खाली सप्तकभर वाढवली तर अर्धस्वर चार मिलिमीटरवर येतो आणि बोट चुकायला लागतं.

रागाला यंत्राचं वावडं नाही, हे मुंबईच्या चरणजित सिंग यांनी मिडीच्याही आधी दाखवलं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या या कलावंताने १९८२मध्ये ज्युपिटर-८ सिंथेसायझर, बेस वाजवणारं टीबी-३०३ आणि ठेका धरणारं टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. टीबी-३०३मध्ये सूर घसरवत नेण्याची सोय होती आणि रागाला तीच हवी होती. २०१०मध्ये हा अल्बम पुन्हा निघाला, तेव्हा शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताच्या आधीचं हे संगीत ऐकून जग चकित झालं.

टचपॅडच्या उणिवाही खऱ्या आहेत. साध्या टचपॅडला बोट किती जोरात पडलं ते कळत नाही. दाब मोजणारे टचपॅड ॲपलने २०१५पासून लॅपटॉपमध्ये दिले, पण तबल्याची थाप त्यावरही जमत नाही. ठेक्यासाठी पॅड वेगळेच घ्या. मींडेसाठी मात्र टचपॅड आजच लावून पाहा, कीबोर्डचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.