मोडीत काढायची घाई

परवा अहमदपूरजवळच्या चढावर आमचा जुना एचएमटी झेटर अडला. इंजिन भरभरतंय, चाकं ढिम्म. "विका मोडीत," सगळे आबांना म्हणाले. आबा गप्प. त्याच ट्रॅक्टरवर आमची शिक्षणं झाली.

एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं 2016 साली ठरलं, हे खरं. पण म्हणून आधी निकाल आणि मग निदान? घरी ओढून आणल्यावर वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून क्लच हळूहळू सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, पडलं नाही. म्हणजे प्लेट घसरतेय. पेडलचा खेळ ठीक होता. क्लच हाऊसिंगच्या खालच्या भोकातून मात्र काळं तेल टपकत होतं. काळं, म्हणजे इंजिनचं! क्रँकचं मागचं सील गेलेलं. गेल्या वर्षी मिस्त्रीने नुसती प्लेट बदलली होती. तेल पिऊन तीही गेली.

नांदेडहून सील आणि प्लेट आणली, ट्रॅक्टर मधून सोडवला, फ्लायव्हील पुसून घेतलं. दोन दिवस गेले.

माझं मत एवढंच: यंत्र म्हातारं झालं म्हणून मोडीत जात नाही, दुखणं कुठंय हे कुणी बघत नाही म्हणून जातं.

असो. आबा आज पुन्हा शेतावर गेलेत.