मामांच्या डब्यातली गोल चिठ्ठी



पेसाह जवळ आला, साफसफाईला हात घातला, की आम्हाला आमची एक जुनी चूक हटकून आठवते. आज ती सांगूनच टाकतो. नातवंडांनाही वाचून दाखवा, शेवटी त्यांच्यासाठी एक कोडे ठेवले आहे.

गोष्ट १९८७ सालची. आदल्या वर्षी आमचे मामा वारले होते. मुंबईत ते रेल्वेत कारकून. सुट्टी मिळाली की चोरबाजारात चक्कर ठरलेली. मामी म्हणायच्या, "आणलंत भंगार?" इस्राएलला येताना मामांनी भांडीकुंडी वाटून टाकली, पण एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन आले. डब्यात अकरा नाणी, चांदीची, पातळ, नखाएवढी. प्रत्येक नाणे कागदाच्या पुडीत, आणि पुडीत नाण्याबरोबर एक गोल चिठ्ठी, शाईने बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेली.

आता बिस्किटांचा डबा आणि तोंडावर पेसाह! कुठे भुगा राहिला असेल या धास्तीने आम्ही पुड्या नि चिठ्ठ्या सगळ्या केरात टाकल्या. नाणी टूथपेस्ट लावून घासली, लख्ख केली, आणि परत डब्यात ठेवली. केवढं काम केलं असं वाटलं हो तेव्हा!

डबा पुन्हा उघडला तो आमच्या नातवाने, सैन्यातून सुटून आल्यावर. तळाला जुना कागद चिकटला होता, तो त्याने नखाने उचलला तर खाली एक चिठ्ठी. अकरातली तेवढीच वाचलेली. तो म्हणाला, "सावता, बाकीच्या कुठे आहेत?" आम्ही काय सांगणार!

त्या चिठ्ठीवर इंग्रजीत होते: पहिला एडवर्ड, पेनी, लंडन. खाली वजन, २१.८ ग्रेन. मग लिलाव करणाऱ्यांची आद्याक्षरे, साल, लॉटचा आकडा. किंमत १२ शिलिंग ६ पेन्स. आणि कोपऱ्यात तीन अक्षरे, ज्यांचा काही अर्थ लागेना.

आधी चिठ्ठी कुठल्या नाण्याची ते ठरवायचे होते, कारण एडवर्डच्या लंडन पेन्या आमच्याकडे तीन निघाल्या. नातू सोनाराकडे गेला. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, त्या हिशेबाने १.४१ ग्रॅमचे नाणे हवे. एक भरले १.२९, दुसरे १.३६ आणि तिसरे बरोबर १.४१. सापडले!

ही नाणी यंत्रातली नव्हेत, हातोड्याची. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात रोवलेला, त्यावर चांदीची कोरी चकती, वर दुसरा ठसा हातात धरून घाव घालायचा. आपल्याकडच्या शिवराया अशाच पाडत. घाव सरकला की छाप एका बाजूला, कुठे कड तडकलेली, कुठे अक्षर अर्धे. म्हणून दोन नाणी कधी हुबेहूब सारखी नसतात. जुन्या लिलावाच्या कॅटलॉगात नाण्याचे चित्र असेल तर कडेचा आकार आणि चीर ताडून हेच ते नाणे असे ओळखता येते, अगदी अंगठ्याच्या ठशासारखे.

पण याच वेड्यावाकड्या कडेने आपल्या लोकांचे रक्त सांडले आहे. कड सारखी नसली की कातरून चांदी चोरणे सोपे; थोडी गेली तर कुणाला कळते? इंग्लंडात नाणी फार कातरली जाऊ लागली आणि आळ आला मुख्यतः ज्यूंवर. नोव्हेंबर १२७८ मध्ये राजा एडवर्डने सहाशेहून अधिक ज्यूंना पकडून लंडनच्या टॉवरमध्ये डांबले. पुढच्या वर्षभरात अडीचशेहून अधिक ज्यूंना फाशी झाली. आरोप ख्रिश्चनांवरही होते, पण फासावर गेलेले त्यांच्यातले फार थोडे. त्याच १२७९ साली राजाने नवीन पेनी पाडायला घेतली, आणि १२९० मध्ये सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढले. ते परत राहू लागले थेट १६५६ नंतर, क्रॉमवेलच्या काळात. आमच्या डब्यातली पेनी ही त्याच एडवर्डची. मामांना हे ठाऊक होते का, कोण जाणे. आम्ही मात्र ती टूथपेस्टने घासत होतो.

आता चिठ्ठीकडे वळू. ती गोल का? संग्राहक लोक नाणी महोगनी लाकडाच्या कपाटात ठेवीत. कपाटाच्या पसरट खणांना गोल खळगे असत. खळग्यात आधी चिठ्ठी, तिच्यावर नाणे. (ओक लाकूड चालत नाही, त्याच्या आम्लाने नाणी खराब होतात.) प्रत्येकाचा कागद वेगळा, शाई वेगळी, वळण वेगळे. जाणकार नुसते अक्षर पाहून चिठ्ठी कुणाच्या कपाटातली ते सांगतात. नाणे विकले की चिठ्ठी बरोबर जाते, आणि नवा मालक आपली चिठ्ठी तिच्याखाली ठेवतो. मोठ्या नाण्यांच्या अशा वंशावळी आहेत. लंडनचे ज्यू वकील हायमन मॉन्टेग्यू १८९५ साली वारले, त्यांचा संग्रह १८९५ ते १८९७ मध्ये सदबीच्या लिलावात गेला. त्यातली काही नाणी मर्डॉक यांच्याकडे आली. त्यांचाही लिलाव १९०३-०४ मध्ये झाला. काही पुढे लॉकेट नावाच्या संग्राहकाकडे पोचली, आणि १९५५ ते १९६१ मध्ये तीही विकली गेली. आजही विकताना ही तिन्ही नावे ओळीने सांगतात, जणू पणजोबा, आजोबा, वडील.

आमच्या पेनीचे घराणे एवढे मोठे नाही. किंमत शिलिंगात, म्हणजे चिठ्ठी १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीची, कारण त्या दिवशी इंग्लंडात शिलिंग-पेन्सचा हिशेब बंद होऊन दशमान आले. साल आणि लॉटच्या आकड्यावरून नातवाने जुना कॅटलॉग काढला. त्यात एवढेच: पहिल्या एडवर्डच्या पेन्या, निरनिराळ्या टांकसाळींच्या, १४ नग. चित्र नाही. साध्या नाण्याचे चित्र कोण छापतो! त्यामुळे माग तिथेच थांबला. पण लंडनच्या लिलावातल्या त्या चौदांपैकी एक ही, एवढे तरी चिठ्ठीमुळे कळले. उरलेल्या दहा नाण्यांबद्दल आता कुणीही काही सांगू शकणार नाही. आम्ही इतकी वर्षे नर्स होतो. बाळाच्या मनगटावरची पट्टी आम्ही कुणाला सोडू दिली नाही. पट्टी गेली तर बाळ काही आपले नाव सांगत नाही. आणि घरी एका दुपारी दहा पट्ट्या केरात!

कुणी म्हणेल, चांदी तर शाबूत आहे, कागदाचं एवढं काय? तर ऐका. एला खोरे, जिथे दावीदने गल्याथला पाडले, तिथून २००२ साली चोरांनी एक पाव शेकेल उकरून नेला. रोमनांविरुद्धच्या बंडाच्या चौथ्या वर्षातला, सन ६९ चा, अतिशय दुर्मीळ. तो देशाबाहेर गेला, वाटेत त्याला खोटे कागद चिकटले, आणि अमेरिकेत डेन्व्हरला लिलावात उभा राहिला. तिथे तो जप्त झाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इस्राएलला परत मिळाला. खरी चिठ्ठी नसली की खोटीला जागा होते. आपल्या इथे १९७८ च्या कायद्याप्रमाणे त्यानंतर जमिनीत सापडलेली पुराणवस्तू सरकारची. तेव्हा शेतात, बागेत नाणे मिळाले तर खिशात घालू नका, पुराणवस्तू खात्याला कळवा. आणि घरच्या डब्यातली नाणी घासू नका. अगदी पेसाहलासुद्धा.

आता ती कोपऱ्यातली तीन अक्षरे. व्यापाऱ्याला आपली खरेदी किंमत गिऱ्हाइकाला कळू द्यायची नसते. म्हणून तो दहा वेगवेगळ्या अक्षरांचा शब्द ठरवतो आणि आकड्यांऐवजी अक्षरे लिहितो. आमच्या चिठ्ठीचा शब्द नातवाला अजून उलगडलेला नाही, म्हणून आम्ही मराठीत आमचा केला: "गरम चहा बशीत घे ना". काना-मात्रा सोडून मोजा. ग म्हणजे १, र म्हणजे २, असे करत शेवटचा न म्हणजे शून्य. म्हणजे "मन" झाले ३०, आणि "रतन" झाले २८०.

तर मुलांनो, आमच्या चिठ्ठीवर "शहर" लिहिले असेल तर नाणे केवढ्याला घेतले? आणि १९४८ हे साल कसे लिहाल? उत्तरे पुढच्या अंकात. आजी-आजोबांनी आधी सांगायचे नाही.