तुरीचं मूळ उपटून पाहा

गेल्या कार्तिकात माझ्या वावरातली तूर फुलावर होती. धुऱ्याकडून तिसऱ्या तासातलं एक झाड उभ्या उभ्या सुकलं. आठ दिवसांत त्याच्या शेजारची चार गेली. जमिनीत ओल होती, पानावर कुठे अळी नव्हती. मी दुकानात गेले, तर उत्तर मिळालं, "मॅडम, वरून हे टॉनिक मारा, झाड उभं राहते." मारलं. पैसे गेले आणि झाडंही गेली. मग एक झाड उपटलं, विळ्याने खोड उभं चिरलं. सालीखाली बुडापासून वर चढत गेलेली काळपट रेघ दिसली. मर रोग. बुरशी मुळातून शिरली होती आणि मी पानांवर फवारा मारत होते.

आमचं मेडशी मालेगाव तालुक्यात, अकोला-वाशिम रस्त्यावर. इथे सोयाबीन, तूर, हरभरा यांवर घरं चालतात. सत्तावीस वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं आणि आता चार एकर पाहते. दोन्हीकडच्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: आपली शेती, आपलं संशोधन आणि आपला बियाण्याचा बाजार झाडाकडे जमिनीच्या वरूनच पाहतो. शेंगा मोजतो, दाणा तोलतो. मुळाला कोणी विचारत नाही.

वर्गात आम्ही हरभऱ्याला मोड आणून त्याच्या मुळाचे ब्लेडने पातळ काप घ्यायचो आणि सॅफ्रॅनिनचा लाल थेंब टाकायचो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचं एक गोल कडं दिसायचं, अंतस्त्वचेचं. त्या कड्यातल्या पेशींच्या भिंतींत एक अरुंद पट्टी असते. रॉबर्ट कास्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती कास्पारी पट्टी. मातीतलं पाणी आणि त्यात विरघळलेलं सगळं बरं-वाईट पेशींच्या भिंतींमधून पाझरत इथपर्यंत आरामात येतं. इथे लिग्निनची पट्टी आडवी येते. पुढे जायचं तर जिवंत पेशीच्या पडद्यातूनच जावं लागतं, आणि काय आत घ्यायचं, काय नाही, हे तिथे झाड ठरवतं. त्यावर नंतर सुबेरिनचा लेपही चढतो. बाटलीच्या बुचात असतो तोच पदार्थ.

पोरं आकृती काढायची, मी गुण द्यायची. ही भिंत बांधतं कोण, हे तेव्हा मलाही सांगता येत नव्हतं.

आता सांगता येतं. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात निको गेल्डनर यांच्या गटाने कास्प नावाची प्रथिनं शोधली. पट्टी नेमकी कुठे बांधायची याची आखणी ती करतात, गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखी. २०१५ मध्ये कळलं की ही प्रथिनं तयार करणाऱ्या जनुकांना कामाला लावणारा मुकादमही एक जनुकच आहे, एमवायबी-३६. ते बिघडलं तर पट्टी बनतच नाही.

मला सर्वांत भावलेला शोध २०१७ चा आहे. मुळाच्या गाभ्यात एक लहानसं प्रथिन तयार होतं आणि ते बाहेरच्या दिशेला पसरतं. भिंतीत फट असेल तर ते त्या फटीतून पाझरतं आणि पलीकडे बसलेल्या ग्राहक प्रथिनाला भेटतं. भेट झाली की निरोप जातो: गळतंय, अजून बांधा. भिंत पक्की झाली की पाझर थांबतो, निरोप थांबतो, बांधकामही थांबतं. नवा माठ पाझरतो का हे आपण बाहेरून हात फिरवून पाहतो. मूळ हेच रोज करतं. हा निरोप घेणाऱ्या जनुकांना शास्त्रज्ञांनी शेंगेन हे नाव दिलं, सीमांवरच्या तपासण्या उठवणाऱ्या युरोपातल्या कराराचं.

भिंत जाड केली की रोग संपला, असं मात्र कोणी समजू नये. २०१६ मध्ये लोझानलाच दिसलं की लोह, जस्त, मँगनीज कमी पडलं की झाड सुबेरिनचा लेप स्वतःहून कमी करतं आणि दार उघडं ठेवतं. क्षार वाढले की लेप वाढवतं. हे प्रयोग मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या लहान रोपावरचे आहेत. पण २०२५ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेने लोटस या शेंगवर्गीय रोपावर दाखवलं की ही भिंत नीट नसेल तर मुळांवरच्या नत्राच्या गाठीही नीट होत नाहीत. तूर आणि सोयाबीन शेंगवर्गीयच आहेत. आपल्याला लागू असणारी गोष्ट आहे ही.

सोयाबीनचं तर थेट उदाहरण आहे. कॅनडात २००७ मध्ये सोयाबीनच्या वाणांची मुळं तपासली, तेव्हा मूळकूज करणाऱ्या फायटोफ्थोराला चांगलं तोंड देणाऱ्या कॉनरॅड या वाणाच्या मुळात सुबेरिन जास्त निघालं. या रोगजंतूला आत शिरायला काही तास जास्त लागत होते. रोपाला सावरायला ते तास मोलाचे असतात.

तुरीची मर आणणारी फ्युजेरियम बुरशी कोवळ्या मुळांतून शिरते. मुळाच्या टोकाशी भिंत अजून बांधलेली नसते, आणि बाजूचं मूळ फुटताना भिंतीला खिंडार पडतं. डवऱ्याने किंवा सूत्रकृमीने जखम केली की आणखी एक वाट मोकळी होते. एकदा आत शिरली की ती पाण्याच्या नळ्याच चोंदवते. पिकाच्या अवशेषांवर ती जमिनीत वर्षानुवर्षं टिकते.

तुरीचा जनुकसंच २०११-१२ मध्येच वाचून झाला आहे. ज्या वाणाचा वाचला त्याचं नाव 'आशा', १९९३ मध्ये आलेला, मर आणि वांझ रोगाला तोंड देणारा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या गटाने त्यात ४८,६८० जनुकं मोजली. म्हणजे पुस्तक आपल्या हातात आहे. माझं मागणं एवढंच की त्यातली भिंतीची पानं आमच्या वावरासाठी वाचा. मर आणणाऱ्या बुरशीची रूपं जागोजागी वेगळी असतात. एका प्रक्षेत्रावर टिकलेला वाण दुसऱ्या जिल्ह्यात पडू शकतो. बियाण्याच्या पिशवीवरच्या खुणचिठ्ठीत उगवणशक्ती असते, शुद्धता असते, तपासणीची तारीख असते. हा वाण मरग्रस्त जमिनीत कुठे तपासला आणि किती टक्के झाडं जगली, हेही तिथे छापलं पाहिजे. शेतकरी पैसे मोजतो, त्याला हे कळण्याचा हक्क आहे.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला माझी आणखी एक विनंती आहे. शिवारफेरीला आम्ही हौसेने येतो. उभ्या पिकाशेजारी एक टेबल मांडा, सूक्ष्मदर्शक ठेवा, मर येणाऱ्या आणि न येणाऱ्या वाणाच्या मुळांचे काप शेजारी शेजारी दाखवा. बारावीचं पोर जे समजू शकतं ते त्याच्या बापालाही समजतं.

माझ्या सासूबाई शाळेत गेल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "तुरीले जवारीची सोबत पायजे, पोरी." सोयाबीन आलं आणि आमच्या वावरातून जवारी गेली. इक्रिसॅटच्या प्रयोगांत ज्वारीसोबत पेरलेल्या तुरीत मर कमी आढळली होती. आणि २०२१ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की मुळाभोवतीचे जिवाणू त्या भिंतीच्या बांधणीत फरक पाडतात. सासूबाईंच्या बोलण्यामागे हेच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण मुळाला कोणाची सोबत मिळते हे महत्त्वाचं आहे, एवढं त्यांना वावरातून कळलं होतं. यंदा मी तुरीत जवारीचे तास धरणार आहे.

तुमच्या वावरात या हंगामात तूर उभी सुकली, तर फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी एक झाड उपटा आणि खोड उभं चिरा. काळी रेघ दिसली तर सुकलेली झाडं मुळासकट काढून वावराबाहेर जाळा, आणि त्या जागी निदान तीन-चार वर्षं तूर पेरू नका.